घर कुणाच्या नावावर?

(नागरी हक्क शिबिरातील भाषणाचा मजकूर)



मला दिलेला विषय आहे 'घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी सरकारी योजना'. मी वकील नाही, इस्टेट एजंटही नाही. सोलापुरात इंजिनिअरिंग केलं, आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. आम्ही काही मित्र दर रविवारी सकाळी कोंढव्यात बसतो आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देतो. रेशन कार्ड, शिष्यवृत्ती, आधारची दुरुस्ती, आणि त्यातच घरांच्या योजना. योजनांचे नियम वाचून जे कळलं आणि त्या टेबलावर बसून जे दिसलं, तेवढंच आज सांगणार आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण सगळे तेच विचारायला येतात.

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 25 जून 2015 रोजी सुरू झाली. तिच्यातला सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे कर्जाच्या व्याजावरचं अनुदान. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल, तर कर्जातल्या पहिल्या 6 लाखांवर 6.5 टक्क्यांनी अनुदान मिळायचं. 20 वर्षांच्या हिशोबाने ही रक्कम जास्तीत जास्त सुमारे 2 लाख 67 हजार रुपये व्हायची आणि ती थेट कर्जखात्यात जमा व्हायची. व्याजदर 9 टक्के धरला तर महिन्याचा हप्ता साधारण 2,400 रुपयांनी कमी होत असे. ही सवलत मध्यम उत्पन्न गटासाठी 31 मार्च 2021 ला आणि 6 लाखांपर्यंतच्या गटासाठी 31 मार्च 2022 ला संपली. म्हणून आजही कुणी 'दोन लाख सदुसष्ट हजार मिळवून देतो, पाच हजार आधी द्या' म्हणत दारात आला, तर त्याला चहासुद्धा पाजू नका.

सध्या चालू आहे ती योजना 2.0. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने 9 ऑगस्ट 2024 रोजी मंजुरी दिली. पाच वर्षांत 1 कोटी घरं हे तिचं उद्दिष्ट आहे. तिचे चार भाग आहेत.

पहिला, स्वतःची जागा असेल तर तिच्यावर घर बांधायला मदत. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा हिस्सा किमान एक लाख, मिळून अडीच लाख. हे अनुदान आहे, कर्ज नाही. दुसरा, भागीदारीतून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात स्वस्त घर. तिसरा, भाड्याची घरं. आणि चौथा, व्याजावरचं अनुदान. वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के सवलत. एकूण जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार रुपये, पाच वार्षिक हप्त्यांत. कर्ज 1 सप्टेंबर 2024 किंवा त्यानंतर मंजूर झालेलं हवं. कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको. 'कुटुंब' म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलंमुली.

याशिवाय म्हाडाची सोडत आहे. मोठ्या शहरांत 4,000 चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरच्या खासगी प्रकल्पांत 20 टक्के घरं अल्प उत्पन्न गटांसाठी ठेवावी लागतात, तीही सोडतीने जातात. शिवाय राज्याची मुद्रांक शुल्काची सवलत आहे: घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर 1 टक्का कमी. 40 लाखांच्या घरावर सरळ 40 हजार वाचतात.

एवढं सगळं सांगून झालं की लोक वहीत आकडे लिहून घेतात. मग एक प्रश्न येतो, आणि तो जवळजवळ नेहमी पुरुषच विचारतो: "भाई, बायकोचं नाव टाकावंच लागतं का?"

आज मला खरं बोलायचं आहे ते या प्रश्नाबद्दल.

या योजनेत एक अट आहे. घर कुटुंबातल्या बाईच्या नावावर किंवा नवरा-बायको दोघांच्या नावावर हवं. घरात सज्ञान बाईच नसेल तरच एकट्या पुरुषाच्या नावावर चालतं. ही अट काही नवी नाही. गावाकडच्या इंदिरा आवास योजनेतही घर बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याचा नियम होता. झोपडपट्टी पुनर्वसनातही करारनामा झोपडीधारक आणि त्याचा जोडीदार अशा दोघांच्या नावाने करायचा नियम आहे. म्हणजे सरकारने वर्षानुवर्षं ही गोष्ट कागदावर लिहून ठेवली आहे. आपल्याकडे मात्र तिच्याकडे एक कटकट म्हणून बघितलं जातं.

का टाळायचं, याची कारणं मी इतकी ऐकली आहेत की त्यांची यादी करता येईल. "ती कमवत नाही, बँक विचारेल." "कागदपत्रं नाहीत तिची." "उद्या काही झालं तर?" हे शेवटचं कारण हळू आवाजात सांगितलं जातं. उद्या काही झालं तर, याचा अर्थ तलाक. आपलं घर तिच्याकडे जाऊ नये, एवढाच त्यात विचार असतो. उद्या काही झालं तर ती कुठे जाईल, हा विचार कुणी बोलून दाखवत नाही.

मी इंजिनिअर माणूस आहे, म्हणून वाद घालत बसण्यापेक्षा कागदावर गणित मांडतो. तुम्हीही मांडून बघा.

400 चौरस फुटांचं घर आहे. नवरा, बायको, दोन मुलगे, एक मुलगी. घर एकट्या नवऱ्याच्या नावावर. नवऱ्याचा इंतकाल झाला. त्याचे आईवडील आधीच गेलेले आहेत, देणं काही नाही असं धरू. आपल्याकडच्या हनफी वारसा पद्धतीप्रमाणे मुलंबाळं असतील तर विधवेचा हिस्सा आठवा. म्हणजे 400 पैकी 50 चौरस फूट. उरलेल्या 350 मध्ये मुलाला मुलीच्या दुप्पट. प्रत्येक मुलाला 140, मुलीला 70. ज्या बाईने तीस वर्षं ते घर चालवलं, तिच्या वाट्याला न्हाणीघराएवढी जागा.

आता तेच घर दोघांच्या नावावर, निम्मं-निम्मं. नवरा गेला तरी 200 चौरस फूट मुळातच तिचे आहेत, ते वारशात येतच नाहीत. वाटणी होते ती फक्त नवऱ्याच्या 200 ची. त्यातला आठवा हिस्सा 25. एकूण 225. अर्ध्याहून जास्त घर तिचं. तिच्या सहीशिवाय कुणी ते विकू शकत नाही, 'अम्मी, तुम्ही थोडे दिवस धाकट्याकडे राहा' असं कुणी परस्पर ठरवू शकत नाही.

50 आणि 225. यासाठी कुठलाही कायदा बदलावा लागला नाही. वारसा हक्कात बाईला समान वाटा मिळावा ही मागणी आपल्या चळवळीत जुनी आहे, मी तिच्या बाजूचा आहे. तो वाद संसदेत, कोर्टात, समाजात चालू राहील. पण ज्या अम्मीचं वय आज पन्नास आहे तिने त्याची वाट किती बघायची? तिच्यासाठी जे आजच्या कायद्यात, आजच्या शरियतीच्या चौकटीतही बसतं, ते तर करून घेऊ. नवऱ्याने हयातीत बायकोला घरात मालक करायला कुणाचीच हरकत नाही.

काही जण म्हणतात, "मी मृत्युपत्र करून ठेवीन ना." इथे नीट ऐका. हनफी पद्धतीत वारसदाराच्या नावाने केलेलं वसियतनामा बाकीच्या वारसांनी संमती दिल्याशिवाय टिकत नाही. बायको ही वारसदारच आहे. म्हणजे त्या कागदाचं काय होणार हे मुलांच्या मर्जीवर. सोसायटीत नॉमिनी म्हणून नाव लावलं तर? नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. तेव्हा जे करायचं ते जिवंतपणी. एक तर घर घेतानाच दोघांची नावं, नाही तर नंतर हिबा, म्हणजे बक्षीसपत्र, आणि तेही नोंदणी करून. महाराष्ट्रात नवऱ्याने बायकोला राहतं घर बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, महापालिका हद्दीतला अधिभार वेगळा. घरावर कर्ज असेल तर आधी बँकेची परवानगी घ्यावी लागते.

हे झालं मरणानंतरचं. जिवंतपणीचं काय?

22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमात दिलेला तिहेरी तलाक रद्द ठरवला. 2019 साली कायदा झाला. ज्या चळवळीने पन्नास वर्षं हा प्रश्न लावून धरला तिच्या कामाचं मोल मोठं आहे. पण आमच्या टेबलावर येणाऱ्या बायकांचं दुखणं आता वेगळ्या शब्दांत येतं. नवरा तलाक म्हणतच नाही. तो म्हणतो, "निघ घरातून." 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने कुठल्याही धर्माच्या बाईला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिलाय, तिला बेकायदा बाहेर काढता येत नाही. तो हक्क मोलाचा आहे, पण तो मिळवायला कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि तो राहण्याचा हक्क आहे, मालकीचा नाही. करारनाम्यावर नाव असलेल्या बाईला मुळात 'निघ' म्हणायलाच माणूस दहादा विचार करतो.

म्हणून मला वाटतं, या योजनेतलं 1 लाख 80 हजारांचं अनुदान ही दुय्यम गोष्ट आहे. ते पैसे हप्त्यांत विरघळून जातात. ती नावाची अट मात्र तिच्या आयुष्यभर उपयोगी पडते, आणि ती आपल्याला फुकट मिळते आहे.

आता काही खाचाखोचा, ज्या अर्ज भरताना पुन्हा पुन्हा दिसतात.

एक. कर्जदार आणि मालक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे एक आपा आल्या होत्या, शिवणकाम करतात. नवऱ्याचं उत्पन्न कमी पडत होतं म्हणून बँकेने त्यांना सहकर्जदार केलं. कर्जाच्या पन्नास कागदांवर त्यांच्या सह्या. त्यांना वाटत होतं, घरावर आपलं नाव आहे. आम्ही इंडेक्स टू काढून बघितला तर खरेदीदार म्हणून एकटा नवरा. म्हणजे हप्ता थकला तर बँक त्यांनाही धरणार, आणि घरात त्यांची एक वीटही नाही. सही करण्याआधी विचारा: मी कर्जात आहे, तर मालकीत आहे का?

दोन. दोघांची नावं आहेत, पण कुणाचा हिस्सा किती ते लिहिलेलं नाही. मग उद्या पैसे कुणी भरले यावरून भांडण होतं. करारनाम्यात 'दोघांचा हिस्सा निम्मा-निम्मा' असं स्पष्ट लिहून घ्या. एका ओळीचं काम आहे.

तीन. मुद्रांक शुल्कातली 1 टक्का सवलत फक्त बाईच्याच नावावर खरेदी असेल तर मिळते, नवऱ्याचं नाव सोबत आलं की नाही. आवास योजनेला दोघांची नावं चालतात. 40 हजार वाचवायचे की दोघांनी मालक व्हायचं, हे घरात बसून ठरवा. पण ठरवताना तिला त्या बैठकीत बसवा.

चार. नावं. आपल्या बायकांच्या कागदांवर एका ठिकाणी 'बी' असतं, दुसऱ्या ठिकाणी 'बेगम', तिसऱ्या ठिकाणी 'बानो'. आधारवर वडिलांचं नाव, रेशन कार्डावर नवऱ्याचं. पॅन कार्ड कधी काढलेलंच नसतं. कॉम्प्युटरला हे सगळं एकच माणूस आहे हे कळत नाही, तो अक्षरं जुळवतो. मी रोज ज्या प्रकारचे प्रोग्रॅम लिहितो तेही असंच करतात, म्हणून खात्रीने सांगतो. अर्ज बाद होतो आणि घरी निष्कर्ष काढला जातो की 'बाईच्या नावाने भानगड होते, माझ्या एकट्याच्या नावाने बघू.' भानगड तिच्या नावाची नसते, दुरुस्त न केलेल्या कागदांची असते. घर बघायला लागण्याच्या आधी सहा महिने हे काम सुरू करा. निकाहनामा असला तरी लग्नाची महापालिकेत नोंदणी करून दाखला घ्या. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने ती सोय सगळ्यांना आहे.

पाच, आणि हे सगळ्यात अवघड. योजनेच्या नियमांत विधवा, एकट्या बायका, अपंग, ज्येष्ठ नागरिक, तृतीयपंथी, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्पसंख्याक यांना प्राधान्य देण्याचं लिहिलंय. टाकलेली मुस्लिम बाई यातल्या दोन रकान्यांत बसते. पण 'मी एकटी आहे' हे तिने सिद्ध कशाने करायचं? तलाक झाला तो तोंडी, नाही तर साध्या कागदावर. कोर्टाचा हुकूमनामा नाही. सरकारी नोंदीत ती अजून त्याची बायको, आणि त्याच्या नावावर पक्कं घर असेल तर ती अपात्र! ज्या घरातून तिला काढलं त्याच घरामुळे तिला दुसरं घर नाकारलं जातं. यावर उपाय कौटुंबिक न्यायालयात आहे. वैवाहिक स्थिती काय आहे हे जाहीर करून मागण्याचा दावा तिथे करता येतो, आणि विधी सेवा प्राधिकरणाकडून बायकांना मोफत वकील मिळतो. जिल्ह्याच्या कोर्टातच त्यांचं ऑफिस असतं.

एक विषय मी टाळणार नाही. व्याजाचा. आपल्यातले बरेच जण व्याजाचं कर्ज घेत नाहीत. कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये हे मी सांगणार नाही, ते ज्याचं त्याच्या इमानाशी. बिनव्याजी बँकिंगची शिफारस 2008 साली रघुराम राजन समितीने केली होती, पण 2017 मध्ये रिझर्व्ह बँकेने इस्लामिक बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचा निर्णय सांगितला. त्यामुळे व्याज अनुदानाचा भाग या लोकांच्या उपयोगाचा नाही, हे खरं आहे. पण स्वतःच्या जागेवर बांधकामाचे अडीच लाख हे अनुदान आहे, त्यात व्याज नाही. 'सरकारी योजना म्हणजे कर्ज' असं समजून ज्यांनी तिकडे पाठ फिरवली, त्यांना हे सांगा. आणि ज्यांनी कर्ज घेतलंय पण ते लवकर फेडून मोकळं व्हायचंय, त्यांनी एक नियम लक्षात ठेवावा: 2.0 मधला दरवर्षीचा हप्ता मिळायला कर्ज चालू असावं लागतं आणि निम्म्याहून जास्त मुद्दल बाकी असावं लागतं. घाईने फेडलं तर उरलेलं अनुदान जातं. फेडायचं असेल तर जरूर फेडा, हिशोब माहीत असू द्या.

शेवटी माझ्या गावचं सांगतो. सोलापुरात माझी आजी विड्या वळायची. आमच्या गल्लीत पद्मशाली बायका आणि मुसलमान बायका एकाच कारखान्याचं पान घरी आणायच्या. त्या विडी कामगार बायकांनी एकेकटीने अर्ज केले असते तर एकालाही दाद लागली नसती. त्यांनी युनियन केली, नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने महिला विडी कामगारांची सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, मोर्चे काढले. कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीत 10 हजार घरं झाली. त्यानंतर त्याच भागात असंघटित कामगारांसाठी रे नगरचा 30 हजार घरांचा प्रकल्प आवास योजनेतून उभा राहिला. त्यातल्या पहिल्या 15 हजार घरांच्या चाव्या 19 जानेवारी 2024 रोजी दिल्या गेल्या. तिथल्या पाणी, बस, रोजगार यांच्या अडचणी आहेत, त्या मी लपवत नाही. पण विड्या वळणारी बाई घराची मालकीण होऊ शकते, हे सोलापूरने दाखवलं. ती मुसलमान आहे की पद्मशाली, हे तिथे कुणी विचारलं नाही. ती कामगार आहे आणि संस्थेची सभासद आहे, एवढं पुरलं.

तेव्हा माझं मागणं फार मोठं नाही. मोहल्ल्यात महिन्यातून एक रविवार बायकांच्या कागदांच्या दुरुस्तीसाठी ठेवू. निकाह ठरताना मेहरची रक्कम जशी विचारली जाते, तसं 'पुढे घर घेतलं तर दोघांच्या नावावर' हेही बोलायची पद्धत पाडू. निकाहनाम्यात अशी अट लिहिता येते. आणि इथे बसलेल्या प्रत्येकाने आज घरी गेल्यावर आपल्या घराचा इंडेक्स टू काढून खरेदीदाराच्या रकान्यात कुणाकुणाची नावं आहेत ते वाचावं. मोठ्याने वाचावं, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. ज्यांच्या घरी एकच नाव निघेल, त्यांनी पुढच्या रविवारी आमच्याकडे यावं. चहा आमचा.